न घेतलेला श्वास

रक्षाच्या चपला तलावाच्या पाळीवर सापडल्या, तेव्हा दिघोरीत चुली नुकत्या पेटत होत्या.

सापडल्या त्या लिलाधरला. जाळं खांद्यावर टाकून तो मासेमारीच्या डोंग्याकडे निघाला होता. चपला दिसल्या तसं जाळं तिथंच टाकून तो बोंबलत गावात आला. सोनेरी पट्ट्यांच्या, उंच टाचेच्या चपला साऱ्या पंचक्रोशीत एकाच बाईच्या असू शकत होत्या. पोलीस पाटील ज्योत्सना तोंड धूत होती, ती ओल्या तोंडानंच धावली.

रक्षा मारबते म्हणजे गावाचं केवढं कौतुक! ढिवराची, मासे धरणाऱ्याची पोर. लहानपणी याच पाळीवर तेलाचा डबा बडवत रॅप करायची. तिला दमा होता. पण छातीतली घरघरसुद्धा तिनं तालात बसवली होती. एक व्हिडिओ गाजला, मग दुसरा, मग मुंबईच्या स्पर्धेत नाव झालं, आणि एक दिवस बाई गाणं सोडून चक्क मालिकेत सून झाल्या! जगाला तोंडावर सुनावणारी ही पोर टीव्हीवर रोज सासूपुढं मुळूमुळू रडायची. गाव तिच्यासोबत रडायचं आणि तोंडाला पदर लावून हसायचंही.

आज कोणी हसत नव्हतं. पहाटेच तिच्या फोनवरून धनराजला, म्हणजे तिच्या भावाला, आईसाठी बोललेला निरोप आला होता. ज्योत्सनानं तो कानाला लावला.

"माय, मी थकली आता. लोकायनं लय शिव्या देल्या. गाणंही सुटलं, घरही सुटलं. तलावानं मले वाढवलं, तलावाकडंच जाऊन राहिली. कोणाले दोष देऊ नका. मले शोधू नका."

आवाज रक्षाचाच. शंकाच नको.

फौजदार कैलाश साहेब आले. माणूस भला, पण घाईत. पाण्यात जाळी पडली. ढिवरांचे डोंगे या काठावरून त्या काठावर फिरू लागले आणि साहेबांनी धनराजला समोर घेतलं.

"बहिणीशी भांडण होतं?"

"होतं."

"कशावरून?"

"टीव्हीत रडू नको, घरी ये म्हणे मी. साऱ्या गावानं आयकलं ते."

"ती नाही म्हणाली, तेव्हा परत आली तर तंगडं मोडीन, असंही म्हणालास."

धनराजनं मान खाली घातली. "रागात बोललो, साहेब. येऊ तर देत तिले."

"ती आली होती. फोनचं शेवटचं ठिकाण हेच गाव आहे. चल, गाडीत बस."

रुखमाबाईच्या डोळ्यांदेखत पोराला गाडीत घातलं. पोरगी पाण्यात शोधताहेत आणि पोरगा चौकीत चालला! ती धड रडेनासुद्धा. नुसती ज्योत्सनाचा हात धरून उभी होती.

"काकी, काल रक्षाचा फोन आला होता ना? काय म्हणाली?"

"नागपूरले उतरली म्हणे. बसनं येते, सांजेपर्यंत घरी. माही भाजी करपून राहिली होती, मी घाईत फोन ठेवला वं! मंग रातभर वाट पायली."

"आणि आजचा निरोप ऐकला?"

"आयकला. तिचाच आवाज होय. पण अशी सपाट काहून बोलली? रडली का तिले धाप लागते. दोन शब्द बोलली का दम खाते. इथं तर भिंत बोलून राहिली, पोरगी नाही."

ज्योत्सना पुन्हा चपलांपाशी गेली. रोज जाळी ओढून ओढून पाळीवर पोटरीभर चिखल झालेला. तिचे स्वतःचे पाय लडबडले होते. चपलांचे तळवे मात्र कोरे.

"साहेब, इथं चालत आलेल्या चपला अशा राहतील?"

"काढून हातात धरल्या असतील. पाटीलबाई, तिचा स्वतःचा आवाज सांगतो आहे तलाव. तलाव सोडून कुठं शोधू मी?"

त्यांचंही चूक नव्हतं. पण पोरगी पाण्यात नसली तर? मग हा सगळा वेळ कोणाच्या जिवावर जात होता?

"काकी, तिच्या मनातलं कोणाला ठाऊक असेल?"

"निकेशले. शहापूरचा तो. दोघंच तर गाणे करत. ती लिहे, गाये, तो वाजवे."

शहापूर! नागपूरची बस तिथूनच येते. ज्योत्सनानं भाड्याची जीप काढली. रुखमाबाई ऐकेना, तीही चढून बसली.

निकेश अंगणातच होता. बारीक, चष्मेवाला, डोळे तांबारलेले. बातमी ऐकून त्यानं कपाळावर हात मारला आणि रुखमाबाईला खुर्ची दिली. "काकी, पाणी घ्या." तिनं ओंजळीनंच प्यायलं, निम्मं अंगावर सांडलं.

"रक्षा कधी भेटली होती?" ज्योत्सनानं विचारलं.

"भेटाले कुठं वेळ तिले, ताई? मुंबईले गेली ते गेलीच."

"काल ती याच रस्त्यानं आली."

"इथून किती बसा जातात. इथं नाही उतरली."

"तुमचा स्टुडिओ?"

त्यानं घरामागच्या खोलीकडे बोट केलं. दाराला भलं मोठं कुलूप. "बंद केला. दिवाळीच्या आधीपासून उघडलाच नाही. बिनागाण्याचा काय करू?"

"आत आवाज घुमत नसेल?"

"भिंतीले गाद्या मारल्या आहेत, ताई. आत ढोल वाजवा, अंगणात आयकू नाही येत." तेवढं सांगताना त्याचा चेहरा जरा उजळला. फोनवर त्यानं जुनं गाणं लावलं. रक्षाचा आवाज अंगणभर सुटला, लख्ख, धारदार, शब्दाला शब्द चिकटलेला. रुखमाबाईनं डोळे मिटले.

"इतकं सलग कसं म्हणायची ती? दमा ना तिला?"

"तेच तर माहं काम! श्वास सारे मी काढून टाकतो. श्वास म्हणजे कचरा. ती भांडे, म्हणे माहा दम राहू दे, तोच माहा ताल होय. मी नाही आयकलं कधी. हात लागला का सवयीनंच साफ होते."

चेहरा तसाच ठेवून ज्योत्सनानं इकडंतिकडं पाहिलं. बंद खोलीच्या मागल्या भिंतीला नळी होती. नळीतून टप टप पाणी पडत होतं आणि खालच्या डबक्यात एक कोंबडी चोच बुडवत होती.

"चहा टाका ना, निकेशभाऊ," ती म्हणाली. "काकींनी सकाळपासून काही घेतलं नाही. मी जीपवाल्याला सांगून येते."

जीपमागं जाऊन तिनं कैलाश साहेबांना फोन लावला. "साहेब, पाया पडते, काही विचारू नका. शहापूरच्या ठाण्यातले शिपाई आत्ता पाठवा, मी इथं निकेशच्या घरी आहे."

चहा गाळून होतो न होतो तोच शिपाई अंगणात उभे राहिले. निकेशच्या हातातली बशी कलंडली.

"हे काय, ताई?"

"सांगते. बसा." ज्योत्सनानं पहाटेचा निरोप लावला. "आता बोला. दम्याची बाई मरायला निघाली आहे, आईचा निरोप घेते आहे. इतकं सारं बोलली आणि मधे एकदाही श्वास नाही? हुंदका नाही? काकींना पहिल्या झटक्यात खटकलं ते. हा निरोप बोलली रक्षाच. पण तो इथं रेकॉर्ड झाला आणि पाठवण्याआधी तुम्ही साफ केलात. सवयीनं."

"अशी मशीन कोणाकडंही राहते."

"राहते. पण बस तुमच्या दारावरून जाते. चपलांना चिखल नाही, कारण त्या कोणीतरी हातानं आणून ठेवल्या. पहाटे तुम्ही गाडीनं दिघोरीला आलात, तिच्याच फोननं निरोप सोडला, म्हणजे ठिकाण दिघोरीचं दिसावं. गाव तलाव उपसत बसलं म्हणजे इकडं कोण फिरकणार? आणि दिवाळीआधीपासून बंद असलेल्या खोलीत या थंडीत एसी कोणासाठी चालू आहे, निकेशभाऊ? ते पाणी कशाचं गळतं आहे?"

रुखमाबाई एकदम उठली. खुर्ची उलटली. धावत जाऊन ती त्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागली. "रक्षा! रक्षा वं!" आतून काहीच नाही. यायचं कुठून?

निकेश दाराकडे बघत बोलू लागला. "मी तिले मारलं नाही, ताई. बस इथं थांबली, खिडकीत ती दिसली, मी हाक मारली, ती हसत हसत उतरली. एकच गाणं मागितलं मी. ती म्हणे, टीव्ही सोडून राहिली, पुन्हा गाणार, पण आता मशीनही माही, दमही माहा. तुयासोबत नाही. मी दार लावलं. जराशानं उघडतो म्हटलं. मंग उघडाची हिंमतच झाली नाही. हे बोल, मंग सोडतो म्हणालो, आणि तिनं बोलून देलं..."

"आणि तरी सोडलं नाही."

"सोडलं असतं तर तिनं साऱ्या जगाले सांगितलं असतं."

त्याच्या गळ्यातली किल्ली शिपायानं ओढून घेतली.

रक्षा आत गादीच्या भिंतीला टेकून पडली होती. ओठ फाटलेले, नखं फुटलेली, पण डोळे उघडे. आईला पाहून तिनं तोंड उघडलं. आवाजच निघाला नाही. ओरडून ओरडून गळा पार बसला होता. रुखमाबाईनं तिला उचलून छातीशी धरलं आणि सकाळपासून अडलेलं रडणं एकदम फुटलं. ज्योत्सनानं साहेबांना फोन करून धनराजला सोडायला सांगितलं, ते सांगताना तिचेही हुंदके आवरेनात.

मायलेकी अंगणात आल्या तेव्हा निकेशला बेड्या पडल्या होत्या. तो मान वळवून वळवून बघत होता.

"काकी," तो कळवळून म्हणाला, "आवाज गेला काय वं तिचा? बोलवून पाहा ना एकदा. आवाज ठीक आहे ना?"

रुखमाबाई थांबली. पोरीच्या खांद्यावरचा पदर तिनं नीट केला.

"तुले आवाज पायजे होता," ती म्हणाली. "मले पोरगी पायजे होती. ती भेटली."

आणि रक्षाला हळूच धरून ती जीपमधे चढली.