पाणेरीचा रिकामा डोह

“तासभर झाला, एकानंही हुंगून बघितलं नाही,” असं म्हणत जयराजने दोरी ओढून घेतली. दोरीच्या टोकाला कोंबड्याच्या पिसांची माशी लोंबकळत होती.

ती माशी ब्राह्मीने बांधली होती. गळावर पिसं गुंडाळून अशी माशी बांधायची की माशाला ती खरी वाटावी, हे नाजूक काम तिच्याच बोटांना जमायचं. जयराजने बांधलेली माशी बघून मासे हसतील, असं त्याची बहीण अंकिता म्हणायची.

हे सगळं वेड केरबामामांचं. जयराज आणि अंकिताचे हे मामा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. हिमाचलात असताना एका साहेबाकडून ते ही मासेमारी शिकले. गळाला किडा लावायचा नाही, पिसांची खोटी माशी अलगद पाण्यावर उतरवायची, मासा लागला की ओल्या हाताने धरायचा, डोळे भरून बघायचा आणि परत सोडायचा. शिराळ्याच्या वर, डोंगरातल्या पाणेरी गावात एवढी यातायात करून मासा सोडून देणारा माणूस वेड्यातच निघायचा, आणि मामाही निघाले होते.

ब्राह्मी त्या दोघांची मैत्रीण, सांगलीची, जैन घरातली. ती गळ हातात धरत नसे. पहिल्याच वेळी तिने मामांना विचारलं होतं, सोडायचाच आहे तर टोचायचा कशाला? पुढच्या खेपेला बघितलं तर मामांनी सगळ्या गळांचे उलटे काटे कानशीने घासून काढले होते. त्या दिवसापासून ब्राह्मीला ते सख्ख्या मामासारखे झाले. दर सुट्टीत तिघं शनिवार-रविवार इथे यायचीच.

पण यंदा डोह मुका होता. पूर्वी पाण्यात नुसता हात घातला तरी बारीक मासे बोटांना लुचायचे, खोल पाण्यात सोनेरी खवल्यांचे खडस मासे फिरायचे. आता खाली दगड दिसत होते आणि दगडांवर काहीच नव्हतं. मामा काठावर बसून राहिले होते. सत्तरीचा तो धिप्पाड माणूस असा खांदे पाडून बसलेला ब्राह्मीने कधी पाहिला नव्हता.

“त्या धनाजीचं काम हाय. मासं मारायला ब्लीचिंग पावडर टाकली त्यानं. उद्या धाला देवळात बैठक हाय. त्याचं तंबू उठवल्याबिगर मी ऱ्हात न्हाई,” मामा म्हणाले.

धनाजी म्हणजे गावातलाच तरुण. ओढ्याच्या वरच्या अंगाला, धबधब्याच्या माथ्यावर त्याने पर्यटकांसाठी सहा तंबू टाकले होते. लहानपणी मामांच्याच बोटाला धरून तो ओढ्यावर फिरलेला. आता त्या तंबूंवरून दोघांचं बोलणं बंद होतं.

मामा जेवायला घरी गेले आणि अंकिताचं डोकं चालायला लागलं. पावडर टाकली असती तर मेलेले मासे तरंगले असते, तिचं म्हणणं. तिने गावात दोघा-तिघांना विचारलं होतं. मेलेला मासा कुणीच बघितला नव्हता. मासे काय स्वतःच्या पायांनी चालत गेले?

“वर जाऊन बघू,” जयराज म्हणाला.

धबधब्याच्या कडेच्या कातळावरून तिघं वर चढली. जयराज दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा मुद्दाम बसलो म्हणाला. माथ्यावर पोचल्यावर मात्र तिघं जागीच थांबली. तंबूंच्या अगदी पुढ्यात, धनाजी ताटं धुतो त्या जागेपासून चार पावलांवर, ओढ्यात मासेच मासे होते! म्हणजे वरून पाण्यात काही आलेलं नव्हतं. जे काही होतं ते खालच्या डोहातच होतं.

खाली आल्यावर जयराजने मामांचा नियम मोडला. त्याने गळाला चपातीचा गोळा लावला आणि डोहाच्या तळाशी सोडला. दोन मिनिटांत असा हिसका बसला की तो गुडघाभर पाण्यात ओढला गेला. अंकिताने त्याची कंबर धरली आणि दोघांनी मिळून हातभर लांबीचं एक काळं धूड काठावर आणलं. अंगावर खवलं नाही, चपटं डोकं, तोंडाभोवती लांब मिशा. पाण्याबाहेरही ते कोपरावर रांगावं तसं सरकत होतं.

ब्राह्मीने ते ओळखलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

अंकिताने धावत जाऊन मामांना बोलावून आणलं. मामांनी एकदाच बघितलं. “मांगूर. ह्यो डोंगरातला न्हाई, बाजारातला हाय. पाळायला सरकारची बंदी हाय ह्येला. दिसंल ते खातोय, अंडी, पिल्लं, समदं. धबधबा चढता येत न्हाई म्हणून वरचं मासं वाचलं.” मग त्यांचा आवाज चढला. “म्हंजी पावडर न्हवं. पैशासाठी धनाजीनं माझ्या डोहात मांगूर पाळलं!”

त्या रात्री ब्राह्मीला झोप लागली नाही.

गेल्या वर्षी पर्युषणाच्या सणात ती गुणमाला आत्याबरोबर बाजारात गेली होती. घमेल्यात नऊ काळे मासे जिवंत वळवळत होते. बाकीचे सगळे बर्फावर मेलेले, हेच तेवढे जिवंत. ब्राह्मी तिथेच रडायला लागली. आत्याने नऊच्या नऊ विकत घेतले, पाण्याच्या डब्यात घातले आणि दोघींनी त्या रविवारी ते पाणेरीच्या डोहात सोडले. इथलं पाणी स्वच्छ, इथे कुणी मासे मारत नाही, मामा आहेत. तीन तासांच्या प्रवासात एकही मेला नाही म्हणून आत्याचे डोळे भरून आले होते. पुण्य सांगत सुटू नये, असं ती म्हणाली होती आणि ब्राह्मीने ते जपून ठेवलं होतं. वर्षभर कधी वाईट वाटलं की ती त्या नऊ माशांची आठवण काढायची.

सकाळी मामा फेटा बांधून निघाले तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली.

“मामा, धनाजीदादांनी नाही सोडले. मी सोडले. मला त्यांना वाचवायचं होतं,” ती म्हणाली, आणि पुढचं सगळं रडत रडत एका दमात सांगितलं.

राग कुठे ठेवावा हे मामांना कळत नसावं. शेवटी त्यांनी तिचा हात धरला आणि तसंच देवळात नेलं. तिथे गावासमोर ते धनाजीला म्हणाले, “चूक माझी हाय. तुझ्यावर आळ घेतला. माफ कर गड्या.” ब्राह्मीचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण तिने स्वतः पुढे होऊन सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू गेला नाही, तेव्हा तिला पुन्हा सांगावं लागलं.

धनाजी खाली मान घालून ऐकत होता. मग तो जाळं आणायला उठला. मांगूर पुढच्या पावसात खाली नदीत उतरायच्या आत काढायला हवे होते. काढायचे म्हणजे मारायचे, दुसरा मार्ग नव्हता.

“तू एकच्या गाडीनं जा बाळा. हे तुज्या बघण्यातलं न्हाई,” मामा म्हणाले.

ती गेली नाही. माणसांनी डोहाच्या तोंडाशी जाळी बांधली, चर काढून पाणी उतरवलं, जाळी ओढली. नऊचे साठ-सत्तर झाले होते, बोटाएवढी पिल्लं वेगळीच. मासे काठावर पाट्यांमध्ये पडत होते. मांगूर पाण्याबाहेर लवकर मरत नाही. धनाजीने मोठे तेवढे कोयत्याच्या पाठीने झटपट संपवले, पण पिल्लांच्या पाट्या तशाच वळवळत राहिल्या. ब्राह्मी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हात जोडून हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणू लागली. जयराज आणि अंकिताला मंत्र येत नव्हता. दोघं नुसतीच तिच्या दोन्ही बाजूंना बसली.

वरच्या ओढ्यातले मासे पावसाळ्यात खाली येतील, धनाजी म्हणाला, पण डोह पहिल्यासारखा व्हायला सात-आठ वर्षं लागतील. मामांनी मनातल्या मनात आपलं वय मोजलं असावं.

मग ते फेटा काढून ब्राह्मीशेजारी टेकले. “फौजेत लय शूर बघितलं, पोरी. पर गावासमोर दोनदा चूक सांगणारं तुज्यासारखं न्हाई बघितलं,” ते म्हणाले.

जमलेली मोठी माणसंही माना डोलावत होती. ब्राह्मीला त्या कौतुकाचं काही वाटलं नाही. पाटीत अजून एक पिल्लू तोंड उघडत होतं, मिटत होतं. तिने हात ओला केला, त्याला उचलून तळहातावर घेतलं, आणि ते हलायचं थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं.