चौसष्ट अक्षरं

सुनावणीच्या सातव्या तारखेलाही काही झालं नाही. न्यायाधीश साहेब रजेवर होते. संघप्रिया कसबा बावड्याच्या कोर्टातून राजारामपुरीतल्या आपल्या फॉरेन्सिक प्रयोगशाळेत परतली, पंखा लावला आणि तीच फाइल पुन्हा उघडली.

प्रकरण साधं होतं. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, कुणीतरी ऑफिसातल्या संगणकावरून मशीनचे सगळे प्रोग्रॅम पुसून टाकले होते. कॅमेऱ्यात दिसत होती फक्त त्याची पाठ. संशय कृष्णातवर होता. प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती आणि भरपाईवरून त्याचं मालकांशी वाजलं होतं. नोकरी गेलीच होती. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग.

संघप्रियाला एवढंच प्रमाणित करायचं होतं, की कॅमेऱ्यातल्या चित्रणाची कोर्टातली प्रत मूळ फाइलसारखीच आहे. त्यासाठी हॅश काढायचा. हॅश म्हणजे फाइलचा ठसा, चौसष्ट अक्षरं नि आकडे. चित्रातला एक ठिपका बदलला तरी ठसा पार वेगळा निघतो. दोन्ही ठसे जुळत होते.

सही करण्याआधी तिनं चित्रफीत पाहिली. अकरा सेकंद. निळा गणवेश, पाठ, आणि शेवटी बाजूला आलेलं उजवं कोपर.

काल कोपर नव्हतं.

तिनं ठसा काढला. तोच. दुसऱ्या संगणकावर लावून पाहिलं. तिथंही कोपर, तिथंही तोच ठसा. पडद्याचा फोटो काढला, तर फोटोत नुसती पाठ. गुरुवारी मनगट दिसलं. झोप पुरत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं.

आठव्या तारखेला कृष्णातचे वकील अमरसिंह व्हरांड्यात भेटले.

"काय म्याडम, केली का सही? करू नका की! प्रमाणपत्र न्हाय तर पुरावा न्हाय. आमचं पोरगं च्या पिऊन घरला जातंय बघा."

कृष्णातची आई शेवंताबाई हसली नाही. "त्या मान्साचा हात दिसतोय का गं पोरी? माझ्या ल्योकाची दोन बोटं न्हाईत. हात दिसला तर कळंल की समद्यास्नी."

त्या दुपारी हात दिसला. आळस द्यावा तसा त्या माणसानं उजवा हात वर केला. संघप्रियानं चित्र थांबवलं. अंगठा आणि चार बोटं. तिनं दोनदा मोजली.

ठसा तोच.

प्रमाणपत्रात 'चित्र बदलत आहे' असं लिहायला रकाना नव्हता. प्रत मूळ फाइलशी जुळते का, एवढंच विचारलं होतं. ती जुळत होती. आणि कृष्णात सुटणार होता. तिनं सही केली.

"मावशी, काळजी करू नका," पुढच्या तारखेला ती म्हणाली. "हात दिसतो. मी मोजलीत, पाच बोटं आहेत."

ते ऐकून अमरसिंहांनी पुराव्याला हरकतच घेतली नाही.

कोर्टात आधी ठसा ताडून पाहिला. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. मग पडद्यावर पाठ आली. कोपर. मनगट. हात वर गेला.

अंगठा. दोन बोटं. पुढं दोन खुंट.

साहेबांनी कृष्णातला हात दाखवायला सांगितलं. त्यानं तो खिशातून सावकाश बाहेर काढला.

"फाइलमध्ये काही बदल झालाय?" सरकारी वकिलांनी विचारलं.

संघप्रियानं चौसष्ट अक्षरं पुन्हा वाचली.

"नाही."

शेवंताबाई ओरडली नाही. बाहेर पडताना फक्त म्हणाली, "तू मोजली हुतीस न्हवं?"

प्रयोगशाळेत संघप्रियानं पंखाही लावला नाही. फाइल उघडली. ठसा तोच.

निळा गणवेश. पाठ. हात नाही, कोपर नाही, पहिल्या दिवशी होतं तसंच सगळं.

फक्त खांदे हलत होते, हसू दाबणाऱ्या माणसाचे हलतात तसे.