बुडाचं धान

भूमेश्वरी पटलेला पहिल्याच भेटीत त्याचा राग आला, आणि तो अगदी रास्त होता. गोंदिया स्टेशनसमोरच्या ऑटोत हा गृहस्थ तिच्या धानाच्या थैलीवर बसला होता.

"भाऊ, नमुना आहे तो. बसाचं नाही!"

"सॉरी... मला वाटलं, गादी आहे."

गादी! गोंदियाच्या ऑटोत गाद्या कधीपासून लावून राहिले?

छोटेलालकाकाच्या वर्कशॉपसमोर ती उतरली. तोही उतरला. चिप कंपनीचा नागपूरचा एजंट तिलक रहांगडाले तो हाच — आजवर फक्त फोनवर भेटलेला.

ही दोन हजार तीनची गोष्ट. भूमेश्वरीनं काकासाठी धानाचा ओलावा मोजणारं यंत्र बनवलं होतं. त्याचा प्रोग्राम कारखान्यातच चिपमध्ये कोरला जाणार होता. कोरण्याआधी कारखाना तो नमुन्याच्या चिपमध्ये घालून परत पाठवतो. गिऱ्हाइकानं तपासायचा, सही करायची. सहीनंतर अक्षर बदलत नाही, हजारो चिप तशाच निघतात, आणि चूक कोणाचीही असो, ती गिऱ्हाइकाची. इतका सरळ नियम सरकारलाही जमलेला नाही.

"मॅडम, फक्त इथं सही. सगळे न बघताच करतात."

"लगनही तसंच करतेत काय तुमच्याकडं?"

तिनं नमुन्याची चिप यंत्रात बसवली. पोत्यात परखी खुपसली — धान काढायची लोखंडी नळी — आणि मूठभर धान यंत्रात ओतलं. यंत्रानं लगेच आकडा दाखवला. एकदाच धान घेऊन मोकळं!

भूमेश्वरीचे कान लाल झाले. तिनं लिहिलेलं यंत्र तीनदा धान मागायचं. वरचं, मधलं, बुडाचं. कारण पोत्याच्या तोंडाशी उन्हात वाळलेलं धान असतं आणि बुडाशी तळ्यातून काढल्यासारखं. हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पोतं भरणाऱ्याला तर फारच.

"कारखान्याच्या प्रोग्रामची पडताळणीची बेरीज माझ्या प्रतीशी जुळते," तिलक अभिमानानं म्हणाला.

"आन् माझ्या प्रतीशी?"

"तुमच्या... नाही. म्हणजे, यंत्र एकच प्रश्न तीनदा विचारत होतं. वाटलं, तुमची चूक आहे. पाठवण्याआधी मीच दुरुस्त केली... तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून."

"माहं नाव! पोतं उघडून पाहिलं काय कधी?"

"आम्ही... तांदळाचं पॅकेट आणतो."

"आडनाव धानवाल्याचं, रहांगडाले, आन् पॅकेट आनतेत!" काकानं कपाळावर हात मारला. "हे असंच निघालं असतं तं मंडीत मले जोड्यानं हानलं असतं ना बाप्पा. वर्कशॉपले कुलूप!"

शेजारच्या गिरणीचा कोंडा उडून तिलकच्या केसांत बसला होता. त्यानं तिच्या मूळ प्रोग्रामची फ्लॉपी उचलली. "जसं आहे तसं पाठवतो," एवढंच म्हणाला.

हंगामाच्या तोंडावर तो परत आला. ऑटोत कशावरच न बसता, दांडीला लटकून. नवी चिप छातीशी धरलेली.

वरचं, मधलं, बुडाचं. यंत्रानं तिन्ही मागितली. बेरीजही जुळली. आता राग जायला हवा होता. तो जाऊन राहिला म्हणूनच तिला जास्त राग आला. तिनं पेन काढलं.

"अजून एक तपासायचं होतं," तिलक चाचरत म्हणाला. "तुम्ही... मला आवडता."

"हे झालं वरचं." तिचं पेन हवेतच. "ते कोरडंच राहते. मधलं?"

"तुमच्याशी भांडण झाल्यापासून... बाकीच्यांशी बोलणं अळणी लागते."

"बुडाचं?"

तिलकनं मान खाली घातली. "चिप कुरिअरनं येणार होती. मी हट्टानं स्वतः आणली. आणि गोंदिया स्टेशनपासून... नाही, घरापासूनच भीती वाटून राहिली, तुम्ही तपासाल, अन् मी पुन्हा चुकीचाच निघेन." आवाज पार भिजला होता.

"ओलं आहे," भूमेश्वरी हळूच म्हणाली. तिनं त्याच्या केसांत आजही येऊन बसलेला कोंडा टिपला आणि सही ठोकली.

"आता बदल होत नाही, बरं."

"माहीत आहे," तो हसला. "चूक गिऱ्हाइकाची."

"पन गिऱ्हाईक कोन, ते आधी ठरवा!" ती कडाडली.

राग जागेवर आला होता. तिलकला फार बरं वाटलं.