तिसऱ्या सिलिंडरची भिंत

बॉनेट उघडल्यावर आत जे होतं ते मी मोजलं. चार स्पार्क प्लग. एक कार्बोरेटर. रबराचे सात पाइप, त्यांतले दोन सायकलच्या ट्यूबने गुंडाळलेले. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी अडकवलेली एक केसांची पिन. आणि एक हात... जो माझा नव्हता.

"ती पिन काढू नका," हाताचा मालक म्हणाला. "सगळी गाडी तिच्यावरच चालली आहे."

"चालत असती तर मी सिग्नलवर अशी उभी राहिले असते का?"

"मग गाडीची अब्रू तरी तिच्यावर टिकून आहे म्हणा."

सिग्नल तिसऱ्यांदा हिरवा झाला होता आणि मागच्या हॉर्नना आता सूर सापडला होता. त्याने मला स्टिअरिंगवर बसवलं आणि एकट्याने गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या आपल्या गॅरेजपर्यंत नेली. मग स्थळ पाहायला आलेल्या मामासारखा तो तिच्याभोवती फिरला.

"नाकीडोळी नीटस आहे," म्हणाला, "पण छातीत दम नाही. इंजिन बदलून टाका. नवं, फ्युएल इंजेक्शनचं. पुढे डिस्क ब्रेक. ओळखणार नाही तुम्ही तिला."

"मला ती ओळखायची आहे," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चार सेकंद असतील. मी मोजले नाहीत, हे कबूल करते. आयुष्यात मी मोजली नाही अशी ती पहिली गोष्ट.

गाडी आत्याची. तीन दारांची, टीचभर हॅचबॅक. शाळेत शिकवायला आत्या तीस वर्षं त्याच गाडीने गेली, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाली, "सांभाळ, नाहीतर विक. पण तोंड पाडून माझ्याकडे येऊ नकोस." मी सांभाळायचं ठरवलं होतं. सांभाळणं म्हणजे जे होतं ते तसंच ठेवणं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

त्याला गल्लीत सगळे अदल्या म्हणायचे. गावातल्या निम्म्या जुन्या हॅचबॅकच्या इंजिनांची त्याने अदलाबदल केली होती. मला तो मिलिमीटर म्हणायला लागला, कारण मी धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि दिवसभर पोलादी पाइपांची जाडी मोजते.

महिनाभर मी रोज कामावरून परतताना गॅरेजवर थांबायचे. भांडायला.

"इंजिन बदललं की ती गाडी राहतच नाही," मी म्हणायचे. "बाहेरून तीच, आतून परकी. ही फसवणूक आहे."

"तुझ्या आत्याच्या गुडघ्यात नवी वाटी बसवली. आत्या परक्या झाल्या?"

हे मी घरी सांगितलं, तर आत्या म्हणाली, "झाले ना! पूर्वी मी जिना चढताना देवाचं नाव घ्यायचे, आता तुझ्या वडिलांना शिव्या घालत चढते. मुलगा हुशार दिसतोय. जेवायला बोलव."

तो जेवायला आला. आत्याने त्याला तीन वेळा वाढलं आणि एकदाच विचारलं, "पुढे काय?" त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. दूरच्या शहरातल्या एका मोटार कारखान्यातून त्याला बोलावणं आलं होतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. गॅरेजची जागा भाड्याची, त्याच्या मालकालाही उत्तर हवं होतं.

"मग जाणार?" मी विचारलं. आवाज सरळ ठेवायला मला बराच जोर लागला.

"जुनं टिकवून पोट भरत नाही, मिलिमीटर. म्हणून तर मी बदलतो." मग पेला फिरवत म्हणाला — "जुनं टिकतं हे तुझं म्हणणं खरं असतं तर... राहिलो असतो."

जिन्यात त्याला सोडायला गेले तेव्हा अट ठरली. आत्याचं मूळ इंजिन उघडायचं, दुरुस्त करायचं आणि चालवायचं. हजार किलोमीटर टिकलं, तर तो राहणार. गॅरेजच्या पाटीवर नवीन ओळ लिहायची : 'इथे मूळ इंजिनं जिवंत केली जातात'. मोजायला मी, कापायला तो.

"आणि नाही टिकलं तर?"

"तर तुझ्या गाडीत नवं इंजिन बसवीन, आणि जाईन."

जिन्यातला दिवा आपोआप विझला. तो पुन्हा लावायला आम्ही दोघांनी एकदमच बटणाकडे हात नेला, आणि दिवा काही लवकर लागला नाही...

इंजिन उघडलं. चारपैकी तीन सिलिंडर बरे होते. तिसऱ्याची भिंत ओरखड्यांनी भरली होती. ती आतून पाव मिलिमीटर कापून गुळगुळीत करायची आणि थोडा मोठा पिस्टन बसवायचा, एवढाच उपाय होता. पण भिंतीच्या पलीकडे पाणी खेळतं. भिंत तीन मिलिमीटरपेक्षा पातळ झाली, तर कधी ना कधी फुटते.

तो छोट्या हातोडीच्या दांड्याने हळू टकटक करत राहिला. कान इंजिनाच्या ब्लॉकला लावून, डोळे मिटून.

"इथे पातळ आहे," तो म्हणाला. "पोकळ वाजतंय."

"आवाज म्हणजे मोजमाप नव्हे, अदल्या."

मी प्रयोगशाळेतून जाडी मोजायचं यंत्र आणलं. ते धातूत ध्वनी सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून जाडी सांगतं. म्हणजे माझं यंत्रही आवाजच ऐकत होतं. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तिसऱ्या सिलिंडरवर आठ ठिकाणी मोजलं. सगळ्यांत कमी आकडा : ३.६.

"पाव गेलं तरी ३.३५ उरतं," मी म्हणाले. "काप."

त्याने हातोडी बाजूला ठेवली. "माझे कान म्हणतात नको."

"आणि मी म्हणते काप. कोणाचं ऐकणार?"

तो हसला. ते हसू मी आजवर कुठल्याच यंत्रावर मोजू शकलेले नाही. "तुझंच ऐकणार. दुसरं काय करतोय मी महिनाभर!"

इंजिन सुरू झालं तेव्हा आत्या काठी न घेता गॅरेजपर्यंत चालत आली. दहा दिवस आम्ही गाडी फिरवली. कामावर, तळ्यापर्यंत, उगाच. एकदा पाऊस आला आणि वायपरने ऐनवेळी दगा दिला, तेव्हा तो अर्धा खिडकीबाहेर लटकून रुमालाने काच पुसत होता आणि मी ओरडत होते, "आत ये, वेड्या, भिजशील!" तो भिजला. एका हातात किल्ली असताना माणसाला दुसऱ्या हातात हात हवा असतो, हे मला त्या दहा दिवसांत कळलं.

अकराव्या दिवशी, ६११ किलोमीटरवर, चढावर गाडीतून पांढरी वाफ निघाली. पातेलं उकळावं तसा आवाज झाला. पाणी सिलिंडरमध्ये शिरलं होतं.

ब्लॉक पुन्हा उघडला. तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीत, केसाएवढी, चार सेंटिमीटर लांब भेग.

त्याने भेगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुझा आकडा बरोबर होता. म्हणजे मी वाकडं कापलं. एका बाजूला जास्त खाल्लं." आणि त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते कुणी उसने दिले होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत यंत्र जागेवर ठेवताना मी त्याचं धातूचं सेटिंग पाहिलं. ते पोलादाचं होतं. नेहमीसारखं. ब्लॉक मात्र बिडाचा. बिडात ध्वनी हळू चालतो, पोलादात वेगाने. यंत्राला मी खोटा वेग दिला, म्हणून त्याने खोटी जाडी सांगितली. कागदावर गणित केलं. खरी जाडी २.८. कापायच्या आधीच ती तीनच्या खाली होती. त्याचे कान बरोबर होते, हात बरोबर होते. चुकले होते ती फक्त मी.

हे सांगायला दहा मिनिटं लागली असती. मला चार दिवस लागले.

का? मला वाटत होतं, आज नको, आज तो फार खचला आहे. उद्या हसत सांगू. खरं म्हणजे माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवणारा तो एकच माणूस होता, आणि तो विश्वास मला आणखी एक दिवस हवा होता. मग आणखी एक.

पाचव्या दिवशी गेले, तेव्हा गाडीत नवं इंजिन बसलं होतं. तो शेवटचा पाना फिरवत होता.

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच.

"कधी कळलं?" त्याने विचारलं.

"फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी."

पाना खाली ठेवताना त्याने जराही आवाज केला नाही. "चूक कोणाची होत नाही? त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी पोट धरून हसलो असतो. महिनाभर चिडवलं असतं तुला." त्याने चिंध्यांनी हात पुसले. "परवा मी कारखान्याला होकार कळवला. जागा सोडतो म्हणून मालकालाही सांगितलं. तिथे तयार इंजिनं बसवायची असतात, कापायचं काही नसतं. म्हटलं, या हातांना तेवढंच झेपेल..."

"अदल्या, नकार कळव. अट गेली खड्ड्यात. मला इंजिन नको होतं — मला तू हवा होतास. पहिल्या दिवसापासून."

तो माझ्याकडे पाहत राहिला. या खेपेला मी मोजलं. एकवीस सेकंद.

"मलाही," तो म्हणाला. "पण चार रात्री मी माझ्याच हातांना शिव्या देत होतो, आणि तुला माहीत होतं. यापुढे तू गप्प बसलीस की मी दर वेळी विचार करणार... आता काय लपवते आहे?"

मी म्हणाले, "नाही लपवणार." तो म्हणाला, "मिलिमीटर, हे कसं मोजायचं?"

त्याने बॉनेट लावलं, हलकेच, तळहाताने दाबून. जाताना एवढंच म्हणाला, "इंजिन बदललं आहे, धुराची तपासणी करून घे. सर्टिफिकेट लागेल."

तीस तारखेला तो गेला. निरोप द्यायला आत्या गेली. मी गेले नाही. परत येऊन तिने चपला काढल्या आणि म्हणाली, "तोंड पाडून माझ्याकडे येऊ नकोस म्हटलं होतं... पण ये." मी गेले.

एक तारखेला सकाळी मी गाडी तपासणी केंद्रावर नेली. ती एका झटक्यात सुरू झाली, चढावर कुरकुरली नाही, सिग्नलवर थरथरली नाही. तिथल्या बाईंनी सायलेन्सरमध्ये नळी घातली, मागच्या वर्षीची पावती मागून घेतली आणि मला इंजिन दोन मिनिटं चालू ठेवायला सांगितलं. जुन्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड २.९ टक्के होता. हा आकडा जितका कमी, तितकं इंजिन बसवणाऱ्याचं काम चोख. मी खिडकीची काच खाली करून वाट पाहिली. छापील कागद बाहेर आला.

कार्बन मोनॉक्साइड : ०.०२ टक्के.