ओठ मिटल्यावर आलेली हाक

खोटं सांगून मला काही मिळणार नाही. उलट मी हे सांगितल्याचं हेमांगीला कळलं तर ती माझ्याशी बोलणं टाकेल. तरी सांगतो, कारण पोटात ठेवून झोप लागत नाही.

हेमांगी माझी मावसबहीण. रोह्याला शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीतला मंगळवार, दुपारचे तीन. रात्रबित्र काही नाही, लख्ख ऊन होतं.

तिचा नवरा अनय सहा वर्षांपूर्वी कोलाडजवळ बाईकच्या अपघातात गेला. त्याचा आवाज असलेली एकच क्लिप तिच्याकडे उरली. जोहे गावातल्या गणपतींच्या कारखान्यात काढलेली. रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगेत अनय उभा आहे. हाताने बोलावतो, "हेमे, ये ना इकडे!" आणि लगेच मूर्तींकडे वळतो. बस.

त्या दिवशी पेणच्या भरतने तिला मोठा टीव्ही बसवून दिला. सोबत साउंडबार, टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर. टीव्हीतून त्याला एक बारीक वायर, टीव्ही चालू असला की जिच्या टोकाला लाल उजेड दिसतो.

"ताई, आवाज आता डिजिटलमधून बारला जातोय. आन् चित्र स्मूद केलंय. कायपण लावा, झटके नाय मारणार."

"ते कसं काय?"

"दोन चित्रांच्या मधली चित्रं टीव्ही स्वतःच बनवतो. मुळात नसलेली."

भरत गेला. पाच वर्षांची अंतरा आतल्या खोलीत झोपली होती. हेमांगीने पेनड्राइव्ह लावला. दुसरं काय लावणार होती ती?

अनय दिसला...

इतका खरा, की तिच्या अंगावर काटा आला.

त्याचे ओठ हलले. मिटले.

मग आवाज आला. "हेमे, ये ना इकडे!"

तिने पुन्हा लावलं. आवाज आणखी उशिरा आला...

आणि अनय वळला नाही.

हात पुढे करून तो उभाच राहिला. उत्तराची वाट बघत.

आमच्याकडे एकदाच आलेल्या हाकेला ओ देत नाहीत, ती मेलेल्या माणसाची असते म्हणतात. हेमांगीलाही हे माहीत आहे. पण सहा वर्षं! कुणाला राहवेल, सांगा.

"आले रे," ती म्हणाली.

अनय हसला.

क्लिपमध्ये तो कुठेच हसत नाही. मीही पाहिलीय ती, कितीदा तरी.

तिने भरतला फोन लावला.

"आवाज मागे पडतोय व्हय? होतं तसं. सेटिंगमध्ये डिले शून्य करा. चित्राचं स्मूद पण बंद करा."

"भरत, तो हसला रे."

"कोण, ताई?"

तिने फोन ठेवला. दोन्ही बंद केलं. क्लिप लावली. ओठ आणि आवाज जुळले. अनय पूर्वीसारखा झटके खात वळला. हेमांगी रडली. हायसं वाटलं म्हणून, की तो पुन्हा गेला म्हणून, ते तिलाही सांगता येत नाही.

टीव्ही बंद केला. भिंतीवरचं बटणही. बारमधली वायर उपसली.

हातातलं टोक लाल झालं...

"अंतरा... ये ना इकडे."

आवाज अनयचा.

अनय गेला तेव्हा अंतरा पोटात होती. नाव बारशाला ठेवलं. ते त्याने कधी उच्चारलेलंच नाही.

आतून झोपाळू आवाजात पोरीने ओ दिली.

"आले बाबा!"

टीव्ही गेला, बार गेला, रोह्याचं घर सुटलं. हेमांगी आता पेणला आईकडे असते, बिनपगारी रजेवर. अंतरा जेवते, खेळते, भांडते. सगळं नीट.

मागच्या रविवारी मी तिथे होतो. दुपारी आम्ही पत्ते खेळत बसलो होतो. अंतराने पानं खाली ठेवली. मान वळवली.

"आले," म्हणाली, आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

हेमांगीने धावत जाऊन तिला कवेत धरलं. "नाय जायचं गो, नाय जायचं," एवढंच म्हणत राहिली.

पोरगी रडली नाही. हट्टही केला नाही.

"पण आई, बाबा केव्हाचे थांबलेत."

दाराला आता अगदी वर कडी बसवून घेतलीय. अंतराचा हात पोचत नाही, हे मोजून. पण पोरं वाढतात हो.