विराम चाळीस

विश्वास बसला तर बसला. पण आमचा मावसभाऊ थापा मारणाऱ्यातला नाही. कवळ्या बनवतो तो. केसाएवढी चूक झाली तर समोरच्याला घास चावता येत नाही, असलं काम.

आणि भुतं रात्रीच येतात असं वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. हे घडलं रविवारी, भर दुपारी तीनला. त्याची बायको पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होती.

भाऊ आणि त्याचा जिवलग दोस्त ढापण्या, दोघं कॉम्प्युटरवर मासेमारीचा गेम खेळायचे. खेळायचे कसले! ढापण्यानं एक मॅक्रो, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला होता. गळ टाकायचा, थांबायचं, ओढायचा... सगळं मॅक्रो आपोआप करायचा. हे दोघं आपापल्या घरी बसून चॅटमध्ये गप्पा हाणायचे.

मॅक्रोचा आकडा बदलायचा तर त्याच चॅटमध्ये हुकूम लिहायचा. 'बदल विराम ४' लिहिलं, की चार सेकंद थांबून पुढचा गळ. हुकूम चालायचा फक्त यादीतल्या दोन नावांचा. वर ढापण्याची एक खोड. स्वतःचं नाव स्वतःला काढता यायचं नाही. ते दुसऱ्यानंच काढायचं.

"भांडण झालं तर तू मला हाकल," म्हणायचा. "मी आपणहून जाणारा नव्हे."

सात महिन्यांपूर्वी गेला. हार्ट अटॅक. घरात एकटाच होता.

त्याचं नाव यादीतून काढायचं भाऊच्या जिवावर आलं. राहू दिलं.

तर त्या रविवारी भाऊनं मॅक्रो चालू केला. एक मासा आला... आणि सगळं थांबलं.

विराम : ४०.

"तू हात लावलास का गं कॉम्प्युटरला?"

"मला काय मासे तळायचेत तुमचे?" आतून बायको.

त्यानं परत ४ केला. दोन मासे आले.

मग पुन्हा... ४०.

या वेळी त्यानं नोंद उघडली. हुकूम कोणाचा?

ढापण्या.

भाऊ खुर्ची मागे सारून उठलाच. पण पुढच्याच क्षणी डोकं तापलं. भूत कसलं आलंय! ही वहिनी. ढापण्याची बायको. त्याच्या नावानं गेम उघडून बसली असणार, आणि मुद्दाम डिवचत असणार.

पण चाळीसच का?

तिला कळलं कसं?

कारण चाळीस हा आकडा जगात एकट्या भाऊला माहीत होता. ढापण्या गेला त्या दिवशी त्यानं चॅटमध्येच लिहिलं होतं, "छातीत कसंतरी होतंय. येतोस?" भाऊ मॅक्रोचे आकडे लावण्यात गुंग. त्यानं लिहिलं, "थांब जरा. आलोच."

दोन गल्ल्या पलीकडचं घर. पोचला तो चाळीस मिनिटांनी.

गेम बंद केला की चॅट पुसलं जातं. त्यानं सगळ्यांना सांगितलं, मला उशिरा दिसलं.

भाऊ तसाच उठला आणि वहिनीकडे गेला. चपलासुद्धा न काढता विचारलं, "त्याचा कॉम्प्युटर कोण वापरतं?"

तिनं पलंगाखाली बोट दाखवलं. खोकं. वर धुळीचा थर.

"तुम्हीच नाही का बांधून दिलात, भावजी? ही तुमचीच चिकटपट्टी."

पट्टी जशीच्या तशी होती. भाऊनं नखानं चाचपून पाहिली.

"आणि पासवर्ड?"

"मला मेलीला कुठला पासवर्ड माहीत असायला?" ती पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, "त्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला उशिरा कळलं, त्यात तुमचा काय दोष?"

भाऊनं पेला तसाच खाली ठेवला. अशा बाईवर आपण संशय घेतला, याची त्याला लाज वाटली. तरी मन मानेना. कोणीतरी पासवर्ड चोरलाय. नक्कीच.

घरी आला. दातओठ खाऊन हुकूम लिहिला. 'काढ ढापण्या.'

उत्तर यायला नेहमी क्षणही लागत नाही.

या वेळी लागला...

"हुकूम चालणार नाही. तुमचं नाव यादीत नाही."

त्यानं यादी उघडली. एकच नाव होतं. ढापण्याचं.

आणि भाऊचं नाव काढू शकणारा माणूस एकच होता.

त्यानं वायर उपटली. कॉम्प्युटर अजून तसाच कोपऱ्यात आहे, वर चादर टाकलेली. मी म्हटलं, चोराचं काम असेल रे.

"असेल," तो म्हणाला. "पण चाळीस?"

"मग वहिनीला खरं सांगून टाक ना एकदाचं. आज सांग."

"सांगतो रे. थांब जरा..."

बोलून गेला, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. कोपऱ्याकडे बघायचं धाडस दोघांनाही झालं नाही.