भरलेला फळा

डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या मैदानात, हिरवा फळा उभा केला होता. त्यावर त्रेसष्ट खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या रंगात नंबर. सकाळी निघताना ज्याने त्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला गळ्यात घालायचा, पाच वेळा डोंगर चढून उतरायचा आणि शेवटी बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा. फेऱ्या पाच झाल्या काय नि दोनातच दम निघाला काय, बिल्ला परत आलाच पाहिजे. रिकामा खिळा म्हणजे माणूस वर आहे. फळा भरला म्हणजे डोंगर रिकामा झाला. मुलांच्या इस्पितळासाठी दरवर्षी ही चढाई होत असे आणि फळ्याचा हा कायदा पहिल्या वर्षापासूनचा होता.

यंदा फळ्यापाशी ताई बसली होती. तिचं गणवेश शिवायचं दुकान. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. बिल्ल्यांच्या लाल नाड्या तिनेच करून दिल्या होत्या, टोकावर टोक ठेवून मशीनवर शिवलेल्या. "गाठ मानेला टोचते," असं तिने समितीला सांगितलं होतं. समितीला काय, फुकट मिळाल्याशी कारण.

गेल्या वर्षी याच चढाईत तिची धाकटी बहीण गेली होती.

चौथ्या फेरीत, माथ्याजवळच्या दगडी झोपडीपाशी, धाकटीचा पाय मुरगळला. अशा वेळी बिल्ला खाली जाणाऱ्याच्या हाती द्यायचा, त्याने खाली येऊन सांगायचं, मग स्ट्रेचर वर जायचं. तिने बिल्ला दिला. ज्याने नेला तो खाली पोचला तेव्हा फोटो काढायची गडबड चालली होती. त्याने बिल्ला खिळ्याला अडकवला आणि पहिल्या रांगेत जाऊन दात दाखवले. फळा भरला. दोन बस होत्या. ती त्या बसमध्ये असेल, असं या बसला वाटलं, आणि त्या बसलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी ती झोपडीच्या भिंतीला टेकून बसलेली सापडली. मदतीला बोलवायची शिट्टी दातांतच होती. छातीवरच्या नंबरच्या कापडामागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बिल्ला डॉक्टरांकडे दिला. इथंच बस म्हणालेत.'

त्या दिवशी डॉक्टर दोनच होते. डोळ्यांचे डॉक्टर दिवसभर खाली तंबूत लोकांच्या पायांचे फोड बांधत होते. दुसरे दातांचे. तेच चढाईचे अध्यक्ष आणि चौकशी समितीचेही तेच अध्यक्ष. चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! 'बिल्ला अडकवून बाई पुन्हा वर गेल्या असाव्यात,' असा निष्कर्ष निघाला; कापडामागची ओळ अहवालात आलीच नाही. वर यंदाची चढाई धाकटीच्या स्मरणार्थ ठेवली. फलकावर तिचा हसरा फोटो लावला, समोरचा अर्धा तुटलेला दात दिसणारा.

सकाळी दातांचे डॉक्टर एक नंबरचा बिल्ला घ्यायला आले.

"ताई, तुम्ही आलात. फार मोठं मन आहे तुमचं." त्यांनी फोटोकडे पाहून मान हलवली. "हा दात मी तिला फुकट बसवून देणार होतो. राहूनच गेलं बघा."

"बरंच काही राहून गेलं, डॉक्टर," ताई म्हणाली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात नाडी घातली.

तो दात दोरा तोडण्यापायी गेला होता. दुकानात हाताशी कात्री असायची, पण धाकटी दोरा दातानेच तोडायची. आणि गाठी कायम तीन. "एक सुटते, दोन फसवतात, तिसरी राहते," असं म्हणायची. दात मोडल्यापासून तिच्या तोंडात कुठलीही शिट्टी धड वाजत नसे. सुरुवात खणखणीत आणि शेवटी नुसती फुस्स हवा. ताई हसून बेजार व्हायची.

ताईच्या मांडीवरच्या पिशवीत आज दोन वस्तू होत्या. एक धाकटीची शिट्टी. दुसरी, परगावातल्या पाट्या करणाऱ्याकडून करून आणलेला पितळी बिल्ला, नंबर एक. तिने फार काही ठरवलं नव्हतं. डॉक्टर शेवटच्या फेरीला वर असतील, धुकं उतरेल, त्या वेळी हा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, एवढंच. पुढचं काम बसवाले करतील. जशास तसं. वर्षभर तिला यापलीकडे दुसरा विचार सुचला नव्हता आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

निघण्यापूर्वी सुभेदारांनी नियम सांगितले. ते फौजेतून निवृत्त झालेले, दोर आणि स्ट्रेचर त्यांच्या ताब्यात. "अडकलात तर सहा शिट्ट्या. आम्ही उलट तीन देऊ. तीन ऐकल्या की जागचं हलायचं नाही. तीन म्हणजे, बसा तिथंच, आलोच."

चारच्या सुमाराला धुकं उतरलं. आधी माथा गेला, मग झोपडीचा कडा, मग वाटेवरची पिवळी निशाणं एकेक करून. माणसं दोघं-तिघं मिळून खाली येत होती, बिल्ले अडकवत होती, चहाच्या तंबूकडे लंगडत जात होती. साडेपाचला खिळा एकच रिकामा राहिला.

"डॉक्टर झोपडीपाशी दिसले," शेवटून दुसरा आलेला वायरमन म्हणाला. "येतायत मागून. आज पाच पुऱ्या करणारच म्हणाले, बाईंच्या नावाने." आणि तो बसकडे गेला.

ताई उठली. पिशवीतला बिल्ला हातात घेऊन फळ्यासमोर उभी राहिली. आजूबाजूला कोणी नव्हतं. हात वर गेला आणि तिथंच थांबला.

दुकानात एकदा उंदराने कापडाचा अख्खा तागा कुरतडला होता. ताई लाटणं घेऊन धावली, तर धाकटीने तो डब्यात धरला आणि दोन मैल चालत जाऊन माळावर सोडला. "जाऊ दे ना, ताई," म्हणाली. तिचं सगळ्याला हेच. जाऊ दे ना.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःचाच राग आला. ज्या पोरीने उंदीर मारला नाही, तिच्या नावाने आपण माणूस मारायला निघालो! तिने बिल्ला परत पिशवीत टाकला, चेन ओढली आणि तरातरा तंबूकडे गेली. सुभेदार दोर गुंडाळत होते.

"सुभेदार, थांबा. वर अजून एक जण—"

सुभेदारांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"कोण? फळा तर भरलाय की."

ताई वळली.

एक नंबरच्या खिळ्याला बिल्ला लटकत होता. वारा नव्हता, तरी तो हळूहळू झुलत होता.

ती परत फळ्यापाशी गेली. बिल्ला बर्फासारखा गार होता आणि ओला. नाडी तिचीच होती, लाल. पण मशीनची शिलाई उसवलेली होती आणि टोकं गाठींनी बांधलेली.

तीन गाठी.

टोकाला कात्रीचा सरळ काप नव्हता. दातांनी तोडल्यासारखे धागे विस्कटलेले, आणि एका बाजूला, जिथे दात पोचला नव्हता तिथे, एक धागा लांब राहिलेला.

तिने पिशवी उघडली. तिने करून आणलेला बिल्ला होता तिथेच होता.

शिट्टी नव्हती.

"ताई, काय म्हणत होतात?" सुभेदारांनी लांबूनच विचारलं. "कोण राहिलंय वर?"

तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? दोन शब्दांचं काम होतं. 'डॉक्टर राहिलेत.' ताईने त्या तीन गाठींवरून बोट फिरवलं. वर्षभर ती सगळ्यांना सांगत आली होती, माझी बहीण असती तर तिने माफ केलं असतं.

"कोणी नाही," ताई म्हणाली. "भरलाय."

सुभेदारांनी दोर दुसऱ्या बसमध्ये टाकले. दोन्ही बस सुरू झाल्या. पहिल्या बसमध्ये कोणी विचारलं, "अध्यक्ष कुठायत?" कोणी उत्तर दिलं, "त्या बसमध्ये असतील." हशा, गाणी, थर्मासची झाकणं.

ताईने फळा गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या बसच्या पोटात ठेवला. मागच्या दारापाशी आली. एक पाय पायरीवर होता, एक जमिनीवर.

तेव्हा वरून शिट्टी आली.

धुक्यातून, बारीक, पण स्पष्ट. एक. दोन. तीन. ताईने श्वास रोखून मोजल्या. सहा.

थोडा वेळ गेला. पुन्हा सहा, घाईघाईने.

आत सगळे गात होते. सुभेदार ड्रायव्हरशेजारी टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होता.

मग उत्तर आलं. खालून नव्हे, वरूनच, आणि पहिल्या शिट्टीच्या अगदी जवळून. तीन शिट्ट्या, सावकाश. प्रत्येकीची सुरुवात खणखणीत आणि शेवटी नुसती हवा.

त्यानंतर डोंगरावरून मदतीची शिट्टी आली नाही.

ताईने दुसरा पायही पायरीवर घेतला आणि दार ओढून घेतलं.